तारण कृपेने, मग आज्ञा कशासाठी?

धागाकर्ती: वडगावशेरीकर

सगळ्यांना सलाम.

पुण्यातल्या ख्रिस्ती घरांत दोन वाक्यं वर्षानुवर्षं ऐकू येतात. एक, "प्रभूने वधस्तंभावर सगळं पूर्ण केलंय, आता आज्ञा पाळायच्या मागे लागलात तर पुन्हा नियमशास्त्राच्या जुवाखाली जाल." दुसरं, "दशांश चुकवलात, उपासना बुडवलीत, तर तारण गमवाल." पहिलं ऐकत वाढलेल्या काही मुलांना सोमवारच्या व्यवहाराशी विश्वासाचा काही संबंध आहे असं वाटतच नाही. दुसरं ऐकत वाढलेल्या बायका अंगात ताप असताना रविवार चुकला म्हणून रडताना मी पाहिल्या आहेत. दोन्हीकडे पवित्र शास्त्रातलं फार मोलाचं काहीतरी निसटतंय असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नियमशास्त्र म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं आणि त्यांत मोशेच्या हातून इस्राएल लोकांना मिळालेल्या आज्ञा. दहा आज्ञा बहुतेकांना ठाऊक असतात, पण यहुदी परंपरा एकूण ६१३ मोजते. त्यांत अर्पणं आहेत, खाणंपिणं आहे, कर्ज, मजुरी, वजनमापं, शेताच्या कडेचं पीक, सगळं आहे.

मला आधी घटनांचा क्रम दाखवायचा आहे. निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात वल्हांडण (मिसर म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या रात्रीचा सण), १४व्यात तांबडा समुद्र ओलांडणं, आणि दहा आज्ञा येतात थेट २०व्यात. त्यांची सुरुवातही देव आपली ओळख सांगून करतो: मिसरातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा तो मी. फारोसाठी, म्हणजे मिसरच्या राजासाठी, विटा पाडणाऱ्या माणसांना "आधी शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) पाळून दाखवा, मग सोडवतो" असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना ते जमलंही नसतं, गुलामाला सुट्टी कुठली? सुटले तेव्हा विसावा शक्य झाला. अनुवादाच्या ५व्या अध्यायात तर शब्बाथाचं कारणच हे दिलंय: तू मिसरात दास होतास हे आठव, आणि तुझ्या दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला, तुझ्याकडे राहणाऱ्या परक्यालाही त्या दिवशी विसावा मिळू दे. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या, आणि त्या आज्ञांचा हेतू असा की सुटलेल्या माणसाने स्वतः फारो होऊ नये.

अब्राहामाचंही तसंच. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात त्याने विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून मोजलं. इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता, सुंता झाली तेव्हा ९९. म्हणजे नीतिमान ठरल्यावर निदान तेरा वर्षं तो बेसुंती होता. मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राचा ४था अध्याय याच अंतरावर उभा केला आहे. "विश्वास कर्मांवाचून निर्जीव" असं आपल्या पत्रात लिहिणारा याकोब तोच अब्राहाम घेतो, पण उत्पत्तीच्या २२व्या अध्यायातला, इसहाकाला वेदीपाशी नेणारा. एकाने कथेच्या आरंभावर बोट ठेवलंय, दुसऱ्याने ती कुठवर पोचली त्यावर. मला यात भांडण दिसत नाही.

आता गलतीकरांस पत्र. "नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही" हे वाक्य तिथलं, आणि आज्ञापालनाविरुद्ध वापरलं जातं तेही हेच. पण पौलाने ते कुठल्या प्रसंगानंतर लिहिलं ते पाहा. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र सुंता न झालेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडून काही मंडळी आली आणि तो पंगतीतून उठू लागला, वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर विचारलं.

पुणेकरांना हे समजायला जड जाऊ नये. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती, चहाबिस्किटं पुढे आली, आणि त्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घेतली गेली. कुणाच्या हातचं घेतल्यावर माणूस आपल्यातला राहतो, एवढाच वाद होता. अंत्युखियातल्या पंगतीत हाच प्रश्न होता, फक्त प्रायश्चित्त मागणारे तिथे आपलेच होते. देवाच्या घरात बसायला मसीहा येशूवरचा विश्वास पुरे, की वर सुंता आणि पंक्तीचे नियम हवेत? पौल म्हणतो, विश्वास पुरे. तो प्रामाणिकपणाच्या, दयेच्या, शुद्ध वर्तनाच्या विरोधात बोलत नाहीये. त्याच पत्राच्या ५व्या अध्यायात तो मत्सर, भांडणं, व्यभिचार, दारूबाजी यांची यादी देतो आणि बजावतो की असं वागणाऱ्यांना देवाच्या राज्याचं वतन मिळणार नाही. त्याच अध्यायात ६वं वचन आहे, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास. मला या अख्ख्या विषयाचं मर्म तिथे सापडतं.

तुमच्या मंडळीत हे कसं शिकवतात? कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कुणीही लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

क्वार्टरगेट

ताई, धागा आवडला. मी कॅथलिक, नाना पेठेतल्या सिटी चर्चचा. आमच्याबद्दल एक समज पक्का बसलाय की कॅथलिक लोक पुण्य साठवून स्वर्ग मिळवतात. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली नीतिमान ठरवले जाण्याविषयी जो ठराव केला, त्याचा पहिलाच नियम असा आहे की ख्रिस्ताच्या कृपेशिवाय, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा चर्चबाहेर. लोक ९वा नियम तेवढा सांगतात, "केवळ विश्वासाने" यावर आक्षेप घेणारा. तो आक्षेपही अशा विश्वासावर आहे ज्यात माणसाच्या इच्छेने कृपेला होकार देण्याची गरजच धरलेली नाही.

१९९९ साली ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्गला लुथरन मंडळ्या आणि रोम यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये प्रबंध मांडले तोच दिवस मुद्दाम निवडला होता. तारण निव्वळ कृपेने, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, आणि पवित्र आत्मा मन नवं करून सत्कर्मांसाठी बळ देतो, असं दोघांनी मिळून कबूल केलं. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं मी म्हणणार नाही. पण चारशे-साडेचारशे वर्षं एकमेकांना शापित म्हणणाऱ्यांनी एवढं एका कागदावर लिहिलं, आणि आपल्याकडे कॅथलिक मुलगा मेथडिस्ट मुलीचं स्थळ बघायला गेला की अजून तीच जुनी वाक्यं निघतात, याचं मला वाईट वाटतं.

बाकी मत्तय २५ विसरू नका. शेवटच्या न्यायाच्या त्या चित्रात कुणाला कुठली शिकवण पाठ आहे असं विचारलेलं नाही. भुकेल्याला खायला दिलंत का, तुरुंगात भेटायला गेलात का, एवढंच.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, आमचं घर माळकरी. कृपा हा शब्द आम्हाला परका नाही, देवाने उचलून घ्यावं ही आस आमच्याकडेही आहे. पण एक गोष्ट मला कायम टोचते. येशूसोबत क्रुसावर असलेल्या चोराला शेवटच्या क्षणी स्वर्ग मिळाला असं तुम्ही सांगता. त्याने ज्यांना लुटलं, कदाचित मारलं, त्यांचं काय? त्यांच्या दुःखाचा हिशेब कुणी द्यायचा? गुन्हेगाराने विश्वास ठेवला आणि सुटला, हे ज्याचं घर बसलं त्याला कसं सांगणार?

वडगावशेरीकर

@इंद्रायणीकाठ, दादा, हा प्रश्न मंडळीत फार कमी वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

लूकच्या २३व्या अध्यायात तो माणूस आधी काय म्हणतो ते पाहा. दुसऱ्या अपराध्याला तो म्हणतो की आपल्याला मिळतंय ते आपल्या कृत्यांचं योग्य फळ आहे. स्वतःची शिक्षा तो न्याय्य मानतो, आपल्या पापाला पाप म्हणतो, आणि शेजारच्या निरपराध्याची बाजू घेतो. हातपाय खिळलेल्या माणसाला एवढंच करता येत होतं, तेवढं त्याने केलं. येशूने त्याला क्रुसावरून खाली उतरवलं नाही, शिक्षा भोगावी लागलीच.

पण ज्याचे हात मोकळे आहेत त्याची गोष्ट लूकच चार अध्याय आधी सांगतो. जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी कर गोळा करता करता गबर झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि सगळ्या गावाच्या कुजबुजीत त्याच्या घरी उतरतो. जक्कयने अजून एक पैसा परत केलेला नाही. मग जक्कय उठतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. ही चौपट हवेतून आलेली नाही. निर्गमाच्या २२व्या अध्यायात चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं भरून द्या असं आहे. आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं गणना ५ मध्ये आहे. जक्कयने स्वतःला जड नियम लावून घेतला. येशू तेव्हा म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. ज्यांचं घर बसलं होतं त्यांच्या दारात त्या आठवड्यात पैसे परत गेले असतील.

आणि मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. देवाने क्षमा केली म्हणून माणसाकडे जायची गरज उरत नाही, असं म्हणणाऱ्याला शास्त्रात आधार मिळणार नाही.

औंधरोड

आम्ही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. आमचं स्पायसर विद्यापीठ औंधलाच असल्याने पुण्यात आमचं कुटुंब बरंच मोठं आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत आम्ही शब्बाथ पाळतो. शनिवारी परीक्षा, शनिवारी मुलाखत, हिंजवडीत शनिवारची शिफ्ट, यातलं सगळं भोगलंय. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही.

आम्ही तारण मिळावं म्हणून शब्बाथ पाळत नाही, हे कृपया नोंदवा. योहान १४:१५ मध्ये प्रभू म्हणतो, माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल. तेवढंच कारण. पण मला खरोखर समजून घ्यायचंय: खून करू नको, चोरी करू नको, मूर्तिपूजा करू नको, या आज्ञा कायमच्या आहेत असं सगळ्या मंडळ्या मानतात. मग दहांतली चौथीच तेवढी पूर्ण होऊन संपली, हे कुणी ठरवलं? ती सृष्टीच्या सातव्या दिवसावर उभी आहे, मोशेच्याही आधीची. ताईंनीच वर शब्बाथाचं इतकं सुंदर कारण दिलं. मग तो पाळायचा का नाही?

बिबवेवाडीहून

मी सेमिनरीत शिकतोय, दोन्ही बाजूंनी थोडं लिहितो.

@वडगावशेरीकर, पंगतीचा मुद्दा बरोबर आहे, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत अनेक अभ्यासकांनी तो पुढे आणलाय. पण सगळं तिथेच बसवू नका. रोमकरांस पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत पौल त्याहून खोल जातो. यहुदी असो की विदेशी, सगळ्यांनी पाप केलंय, आणि नियमशास्त्र आरशासारखं पाप दाखवतं, धुऊन काढत नाही. माणसाची अडचण पंगतीपुरती असती तर पंगत मोठी करून काम भागलं असतं, ख्रिस्ताला मरावं लागलं नसतं. हे सुटलं तर कृपेची किंमत कमी होते.

@औंधरोड, रोम १४ मध्ये पौल म्हणतो, कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनात पक्कं असावं. कलस्सै २:१६ मध्ये सण, अमावस्या, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये असं आहे. तिथला शब्बाथ आठवड्याचा की सणांमधला, यावर तुमच्या अभ्यासकांचं उत्तर मला ठाऊक आहे. मला स्वतःला ते पटत नाही, पण त्या वचनाप्रमाणे तुमचा न्याय करायचा अधिकारही मला नाही, आणि तुम्हाला रविवारवाल्यांचा नाही.

नियमशास्त्राचे नैतिक, विधीविषयक आणि राज्यकारभाराचे असे तीन भाग करून पहिला ठेवायचा, बाकीचे सोडायचे, ही पद्धत जुनी आहे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसकडे ती आहे, प्रोटेस्टंटांच्या १६४६च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबातही आहे. उपयोगी आहे, पण शास्त्र स्वतः अशा रेघा ओढत नाही. लेवीय १९:१८ म्हणतं, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. पुढचंच वचन म्हणतं, दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नको. एकाच दमात दोन्ही!

प्रेषितांनी रेघ कशी ओढली ते प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये दिसतं. विदेशी विश्वासणाऱ्यांवर सुंता लादायची नाही असं ठरलं. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म, एवढं टाळा असं पत्र गेलं. आणि लगेच १६व्या अध्यायात पौल आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करतो! दुसरा सहकारी तीत, त्याची मात्र करू दिली नाही, हे गलती २ मध्ये तोच सांगतो. तीमथ्याची आई यहुदी होती, त्या भागातल्या यहुद्यांमध्ये त्याला काम करायचं होतं, म्हणून ती त्यांच्यासाठीची सोय. तीताच्या बाबतीत ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती, म्हणून पौल तसूभर हलला नाही. कृती तीच, पण एकीकडे अट होती, दुसरीकडे प्रीती. दशांश, उपास, पांढरी साडी, दागिने न घालणं, आपल्या मंडळ्यांत जे जे चालतं त्या प्रत्येकाला हा प्रश्न लावून पाहावा.

रास्तापेठी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आमचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) रास्ता पेठेत. कॅम्पातलं लाल देऊळ हे सिनेगॉग सगळ्यांना ठाऊक असतं, आमचं कमी लोकांना.

तुमच्या चर्चेत नियमशास्त्राला जू, ओझं, आरसा असं बरंच काही म्हटलं गेलं. आमच्या घरात तोरा, म्हणजे हेच नियमशास्त्र, हा आनंदाचा विषय आहे. सिमहाथ तोरा या सणाला तोराच्या गुंडाळ्या छातीशी धरून म्हातारी माणसंसुद्धा नाचतात. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या बाकीचं बरंच विसरलं गेलं, पण शनिवार, सुंता आणि शमा ही प्रार्थना टिकली. स्वर्ग कमवायला कुणी घाणा बंद ठेवत नव्हतं. आपण कुणाचे आहोत ते त्यांना ठाऊक होतं.

वडगावशेरीकर ताईंनी जो क्रम सांगितला, सुटका आधी आणि आज्ञा नंतर, तो आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. आमच्या मोजणीत "मी तुला मिसरातून बाहेर आणलं" हेच दहांतलं पहिलं वचन आहे. त्यामुळे यहुदी लोक कर्मांनी तारण विकत घेऊ पाहतात आणि ख्रिस्ती लोकांना ते फुकट मिळतं, असं तुमच्या संदेशांत सांगितलं जातं तेव्हा मला दुःख होतं. करार देवाने आधी केला. आम्ही त्यात राहतो.

दुसरं, ६१३ आज्ञा आम्ही जगावर लादत नाही. नोहाच्या वंशजांसाठी, म्हणजे सगळ्या माणसांसाठी, आमचे रब्बी सात आज्ञा सांगतात: मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, जारकर्म, चोरी, जिवंत प्राण्याचं मांस तोडून खाणं, हे सगळं टाळावं आणि न्यायासनं स्थापावीत. बिबवेवाडीकरांनी दिलेली प्रेषितांची यादी याच्या किती जवळची आहे ते पाहा. ती मंडळी यहुदीच होती, यहुदी पद्धतीनेच विचार करत होती.

आणि माळकरी दादांसाठी: मिश्ना या आमच्या रब्बींच्या जुन्या ग्रंथात योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाविषयी लिहिलंय की माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांसाठी तो दिवस प्रायश्चित्त करतो, पण माणूस आणि माणूस यांच्यामधल्या पापांसाठी करत नाही, समोरच्याला मनवल्याशिवाय. ताईंनी सांगितलेली वेदीपाशी अर्पण ठेवून परत फिरायची शिकवण याच मातीतली आहे.

इंद्रायणीकाठ

@वडगावशेरीकर, @रास्तापेठी, दोघांचे आभार. जक्कयची गोष्ट मला ठाऊक नव्हती, घरी वाचून दाखवली.

केडगावलाईन

पुण्याचा धागा आहे आणि पंडिता रमाबाईंचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहिते. माझी आजी रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला, पंचहौदला काम करणाऱ्या सिस्टर्सच्याच मठात. म्हणजे या धाग्यातल्या चहाची जागा आणि त्यांचा बाप्तिस्मा एकमेकींशी जोडलेले आहेत. पण पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्या त्याच अवस्थेत होत्या. आपण काहीतरी होऊन, काहीतरी करून देवाला पात्र ठरायचं नसतं, त्याने दिलेलं दान आहोत तशा घ्यायचं असतं, हे त्यांना १८९१च्या सुमारास उमगलं. त्या वेळी त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. विधवांसाठी एवढं काम करणारी बाई, आणि तरी त्यांना वाटत होतं की आपल्याला शांती नाही.

आता पुढचं पाहा. सगळं कृपेने मिळतं हे कळल्यावर त्या हात बांधून बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना गोळा करून आणलं. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवणं अशक्य झालं तेव्हा केडगावच्या शेतात झोपड्या बांधल्या. विहिरी खोदल्या, छापखाना घातला, मुलींना अक्षरजुळणी शिकवली, हिब्रू-ग्रीक शिकून स्वतः बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली वारल्या तोवर तेच काम. पात्र ठरायची धडपड सुटली आणि काम दसपटीने वाढलं. ज्यांना वाटतं की कृपा शिकवली की लोक आळशी होतात, त्यांनी एकदा पुणे-दौंड गाडीने केडगावला उतरावं.

कोथरूडची

मी फार शिकलेली नाही शास्त्रात. एकच विचारते. विश्वास खरा असेल तर आज्ञापालन आपोआप येतं असं सगळे म्हणता. मी रोज प्रार्थना करते, तरी सासूबाईंवरचा राग जात नाही, तोंडातून वेडंवाकडं निघतं. मग माझा विश्वास खोटा का? रात्री हे मनात आलं की झोप लागत नाही.

वडगावशेरीकर

@कोथरूडची, ताई, नाही. आपोआप हा शब्द मी वापरला नव्हता, आणि कुणी वापरला तर त्याला विचारा की मग पत्रांमध्ये पानोपानी "रागाला जागा देऊ नका, क्षमा करा, धीर धरा" असं सांगायची गरज पौलाला का पडली. तो हे बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच लिहीत होता.

पेत्राकडे बघा. त्याने तीनदा प्रभूला नाकारलं. योहानाच्या २१व्या अध्यायात प्रभू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तीनही वेळा त्याला काम देतो, माझ्या मेंढरांना सांभाळ. त्यानंतर पवित्र आत्मा उतरला, हजारोंपुढे संदेश झाला, आणि तरी हाच पेत्र अंत्युखियात लोकांना भिऊन पंगतीतून उठला. पौलाने त्याला खडसावलं, पण तुझं तारणच झालं नाही असं म्हटलं नाही. तू ज्या सुवार्तेवर विश्वास ठेवलास तिच्याप्रमाणे सरळ चाल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. १ योहान १:८-९ पण वाचा. आमच्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, आणि कबूल करणाऱ्याला क्षमा करायला तो विश्वासू आहे.

ज्याला आज्ञेची फिकीर नाही त्याला रात्री झोप लागते, ताई. तुम्हाला लागत नाही, यातच तुमचा विश्वास जिवंत आहे असं मला वाटतं. पण ते ओझं घेऊन एकट्या जागू नका. तुमच्या मंडळीतल्या एखाद्या विश्वासातल्या बाईशी बोला. आणि सासूबाईंकडून खरंच छळ होत असेल तर तो सहन करत राहणं हे आज्ञापालन नाही, हेही स्पष्ट लिहिते.

क्वार्टरगेट

@कोथरूडची, ताई, मार्क ९:२४ मधल्या बापाची प्रार्थना पाठ करा. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. त्याचा मुलगा बरा झाला होता.

औंधरोड

@बिबवेवाडीहून, तीमथ्य आणि तीत यांचा मुद्दा पटला. शब्बाथाबाबत माझं मत बदललेलं नाही. पण अट आणि प्रीती यांतला फरक आमच्या तरुणांच्या वर्गात मांडेन.

वडगावशेरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. @बिबवेवाडीहून, रोम १ ते ३ बद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, पंगत उघडी झाली ती त्या मरणामुळेच. @रास्तापेठी, यहुदी लोकांविषयी संदेशांत जे बोललं जातं त्याबद्दल आमच्या पाळकांशी बोलणार आहे.

लेवीय १९ चा उल्लेख झाला म्हणून एक सांगते. त्याच अध्यायात १३व्या वचनात आहे: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. आणि "विश्वास कर्मांवाचून निर्जीव" म्हणणारा याकोब ५व्या अध्यायात कुठलं कर्म उचलतो? तुमची शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी गेलीय, असं तो लिहितो. कृपा की कर्म या वादात आम्ही इतकी वर्षं घालवली, आणि हे वचन आमच्या अभ्यासात कधी नीट वाचलंच गेलं नाही.

येत्या बुधवारी लेवीय १९ आणि याकोब ५ एकत्र वाचतोय. गटातल्या बऱ्याच घरांत घरकामाला मावशी येतात. त्यांच्या पगाराची तारीख, आणि अनुवाद ५ प्रमाणे आठवड्याची भरपगारी सुट्टी, हे दोन्ही विषय त्याच बैठकीत घेणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी निरोप टाका, पत्ता कळवते.